डिप्लोमा ते डिग्री : आखून चालायची वाट

(विहाराच्या वर्धापन दिनानिमित्त झालेल्या पालक-विद्यार्थी मेळाव्यातील भाषण)





समितीने मला विषय दिला आहे, "दहावीनंतर इंजिनिअरिंगकडे जाणाऱ्या मुलांनी अभ्यासाची आखणी कशी करावी?" काही जणांना वाटेल, सूतगिरणीत रिंगफ्रेमवर उभा राहणारा हा माणूस इंजिनिअरिंगवर काय बोलणार? बरोबर आहे. मी इंजिनिअर नाही. पण आपल्या वस्तीतल्या मुलांचे प्रवेशाचे अर्ज भरायला, दाखल्यांसाठी तहसील कचेरीत बसायला, कॉलेजच्या खिडकीपाशी रांगेत उभं राहायला मी बरीच वर्षं जातो आहे. कुठं पोरगं पुढं गेलं आणि कुठं अडकलं, हे डोळ्यांनी पाहिलं आहे. तेच आज सांगणार आहे.

विहारात हा विषय कशाला, असंही कुणी विचारेल. भगवान बुद्धांनी सिगाल नावाच्या गृहस्थाच्या मुलाला जो उपदेश केला, त्यात आईबापांची पाच कर्तव्यं सांगितली आहेत. मुलांना वाईटापासून दूर ठेवावं, चांगल्याकडे वळवावं, आणि तिसरं कर्तव्य कोणतं? मुलाला शिल्प शिकवावं. शिल्प म्हणजे कसब, हातातली विद्या. मंगलसुत्तातसुद्धा बहुश्रुतपणाबरोबर शिल्पाला मंगल म्हटलं आहे. म्हणजे वर्कशॉपमधली विद्या धम्माच्या बाहेरची नाही. तेव्हा हा विषय विहारात बोलायचा नाही तर कुठं बोलायचा?

आता बाबासाहेबांकडे येऊ. आपण त्यांच्या पदव्या पाठ म्हणतो. पण त्या पदव्यांमागची आखणी आपण मुलांना सांगत नाही. शाळेत त्यांना संस्कृत शिकायचं होतं. अस्पृश्य म्हणून ते शिकू दिलं नाही, फारसी घ्यावी लागली. स्वतःचे विषय स्वतः निवडण्याचा हक्क म्हणजे काय, हे त्या माणसाला लहानपणीच कळलं. १९१३ साली बडोदा सरकारच्या शिष्यवृत्तीवर ते अमेरिकेत कोलंबिया विद्यापीठात गेले. शिष्यवृत्ती होती तीन वर्षांची. तेवढ्या वेळात त्यांनी एकट्या अर्थशास्त्राचे २९ कोर्स घेतले, इतिहास, समाजशास्त्र, तत्त्वज्ञान घेतलं, शिवाय फ्रेंच आणि जर्मन या भाषाही घेतल्या. १९१६ साली ते लंडनला गेले. पुढच्या वर्षी शिष्यवृत्ती संपली, परत यावं लागलं. पण येताना त्यांनी विद्यापीठाकडून चार वर्षांच्या आत परत येऊन अभ्यास पूर्ण करण्याची परवानगी घेऊन ठेवली! मग १९१८ पासून सिडनहॅम कॉलेजात प्राध्यापकी केली, पैसे साठवले, शाहू महाराजांची मदत घेतली, मित्राकडून कर्ज घेतलं, १९२० साली परत लंडन गाठलं आणि १९२३ साली डी.एस्सी. झाले. मुलांनो, मधे खंड पडला. पण परतीचं दार उघडं ठेवून पडला. एवढी एक गोष्ट आज घरी घेऊन गेलात तरी माझं भाषण कामी आलं.

१९४२ साली बाबासाहेब व्हाइसरॉयच्या मंडळात मजूरमंत्री होते. त्या वर्षी त्यांनी अस्पृश्यांच्या तक्रारींचं एक निवेदन सरकारला दिलं. त्यात त्यांनी स्पष्ट मांडलं, की कला आणि कायद्याच्या शिक्षणाने आपल्या लोकांचं फारसं भागणार नाही, विज्ञान आणि तंत्रज्ञानाचं वरच्या दर्जाचं शिक्षण पाहिजे. ते खर्चाचं असतं, म्हणून त्यासाठी सरकारने शिष्यवृत्त्या द्याव्यात. स्वतः अर्थशास्त्र आणि कायदा शिकलेला माणूस हे सांगतो आहे, हे ध्यानात घ्या.

आता प्रत्यक्ष वाटेकडे वळू. दहावीनंतर इंजिनिअरिंगच्या डिग्रीकडे जायला महाराष्ट्रात मुख्य दोन वाटा आहेत.

पहिली वाट अकरावी-बारावी विज्ञानाची. गणित, भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र घ्यायचं, बारावीनंतर राज्याची सीईटी द्यायची. ही परीक्षा २०० गुणांची, त्यात निम्मे म्हणजे १०० गुण एकट्या गणिताचे. मग डिग्रीची चार वर्षं.

दुसरी वाट डिप्लोमाची. दहावीच्या गुणांवर पॉलिटेक्निकला प्रवेश, तीन वर्षं, सहा सेमिस्टर. डिप्लोमा झाला की डिग्रीच्या थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेश. त्याला सीईटी नाही. डिप्लोमाच्या गुणांवरच गुणवत्ता यादी लागते. पात्रतेसाठी खुल्या वर्गाला ४५ टक्के, मागासवर्गीयांना ४० टक्के. पण पात्र होणं वेगळं आणि चांगल्या कॉलेजात नंबर लागणं वेगळं, हे पालकांनी विसरू नये.

आता बोटं मोजा. बारावीची दोन आणि डिग्रीची चार, झाली सहा. डिप्लोमाची तीन आणि डिग्रीची उरलेली तीन, झाली सहा. दोन्ही वाटांना दहावीनंतर सहाच वर्षं! तरी आपल्याकडे अजून बोललं जातं, "अमक्याचा मुलगा सायन्सला गेला, तमक्याचा बिचारा डिप्लोमाला." त्यात बिचारं काय आहे?

तिसरीही एक वाट आहे, ती कुणी सांगत नाही. आयटीआयचा दोन वर्षांचा ट्रेड केला तर डिप्लोमाच्या थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेश मिळतो. दोन वर्षं आयटीआय, दोन डिप्लोमा, तीन डिग्री, झाली सात. एकच वर्ष जास्त, आणि फिटर-इलेक्ट्रिशियनचं कसब हातात. आयटीआयला गेलेल्या मुलाचं शिक्षण संपलं, असं कोणत्याही आईबापाने मानू नये.

मग कोणती वाट धरायची? ज्याला आयआयटीत जायचं आहे, त्याने अकरावी-बारावी करावी, कारण तिथं डिप्लोमावरून थेट दुसऱ्या वर्षात घेत नाहीत. ज्याचं गणित पक्कं आहे, दोन वर्षं एका परीक्षेसाठी बसण्याची ज्याची तयारी आहे, त्यानेही ती वाट धरावी. पण ज्याला हाताने काम करत शिकायला आवडतं, ज्याच्या घरी क्लासच्या फीला पैसे नाहीत, ज्याच्या घराला तीन वर्षांनी गरज पडली तर कमावता हात लागेल, त्याने डिप्लोमा करावा. शेजारच्याचं पोरगं कुठं गेलं हे बघून ठरवू नका.

आता माझ्या भाषणाचा मुख्य मुद्दा. डिप्लोमाची वाट चांगली आहे, परंतु तिच्यात एक खड्डा आहे. तो खड्डा गणिताचा.

डिप्लोमात गणिताचे पेपर बहुतेक शाखांना पहिल्या वर्षातच असतात. लॉगॅरिथम, त्रिकोणमिती, मॅट्रिक्स, मग डेरिव्हेटिव्ह, इंटिग्रेशन, थोडी डिफरन्शियल इक्वेशन्स. ते पेपर सुटले की पुढची दोन वर्षं गणिताला हात लागत नाही. मशीन ड्रॉइंग, वर्कशॉप, सर्किट, सर्व्हे यात पोरगं रमतं, गुणही चांगले पडतात. मग डिग्रीच्या दुसऱ्या वर्षात, म्हणजे तिसऱ्या सेमिस्टरला, ते जाऊन बसतं. तिथं वाट बघत असतो गणिताचा तिसरा पेपर, मुलांच्या भाषेत 'एम-थ्री'. लाप्लास ट्रान्सफॉर्म, फूरियर सिरीज. शेजारी बसलेला बारावीवाला दोन वर्षं बारावीचं गणित आणि वर डिग्रीच्या पहिल्या वर्षाचे दोन पेपर करून आलेला असतो. आपल्या मुलाचं पहिलं वर्ष वगळलेलं असतं. त्या वगळलेल्या वर्षातलं पार्शल डिफरन्सिएशन, डबल इंटिग्रल, वरच्या पायरीची डिफरन्शियल इक्वेशन्स त्याला येतात असं धरूनच सर फळ्यावर सुरू करतात.

आणखी एक अडचण. डिप्लोमाचा निकाल, मग कागद तपासणी, मग प्रवेशाच्या फेऱ्या यात एक-दोन महिने जातात. मूल कॉलेजात पोचेपर्यंत वर्ग सुरू झालेले असतात.

आमच्या वस्तीतला एक मुलगा. मेकॅनिकलचा डिप्लोमा, गुण उत्तम. डिग्रीला गेला आणि तिसऱ्या सेमिस्टरला गणितात नापास. परत बसला, परत नापास. घरी सांगेना. एक दिवस माझ्याकडे आला, म्हणाला, "काका, मशीनचं सगळं येतं मला. पण सरांनी इंटिग्रलची खूण काढली की माझी पाटी कोरी होते. मला वाटतं आपली ही लाईनच नाही." मी म्हटलं, "बाळा, तुझी लाईन बरोबर आहे. मधला एक जिना तुला कुणी दाखवलाच नाही." मग वस्तीतल्याच एका वरच्या वर्षाच्या मुलीकडे त्याला बसवला. तिने त्याला तिसरा पेपर शिकवलाच नाही. आधी बारावीचं पुस्तक काढलं, मग पहिल्या वर्षाचं. चार महिने लागले. पेपर सुटला, पुढं डिग्रीही झाली. बुद्धी तीच होती, फक्त सुटलेली पायरी बांधून घेतली.

आम्ही रिंगफ्रेमवर काम करणारे. धागा तुटला की लगेच जाऊन सांधायचा असतो. दुर्लक्ष केलं तर कापूस रोलरला गुंडाळत जातो, मग सुरीने कापून काढावा लागतो; काम दुप्पट आणि रोलरही खराब. गणिताचं तसंच आहे. दोन वर्षं धागा तुटलेला ठेवू नका.

म्हणून डिप्लोमाला प्रवेश घेतला त्याच दिवशी डिग्रीची आखणी करा. सहा सेमिस्टरची आखणी मी सांगतो, ती लिहून घ्या.

पहिलं आणि दुसरं सेमिस्टर : गणिताचे पेपर नुसते सोडवायचे नाहीत, समजून घ्यायचे. पाठ्यपुस्तक मंडळाचं अकरावी विज्ञानाचं गणिताचं पुस्तक आणून शेजारी ठेवा. डिप्लोमाच्या पेपरात जे प्रकरण आलं, तेच या पुस्तकातून पुन्हा सोडवा. याच वर्षी इंग्रजीकडे लक्ष द्या. अलीकडे डिप्लोमात मराठी-इंग्रजी अशी द्विभाषिक सोय झाली आहे. ती चांगली आहे, तिचा आधार घ्या. पण डिग्रीचं शिक्षण बहुतेक ठिकाणी इंग्रजीतच आहे. म्हणून समजून मराठीत घ्या, लिहायची सवय मात्र इंग्रजीत ठेवा.

तिसरं आणि चौथं सेमिस्टर : इथंच धागा तुटतो. अभ्यासक्रमात गणित नसलं तरी रोज एक तास गणिताचा. बारावीचं पुस्तक घ्या. डेरिव्हेटिव्ह, इंटिग्रेशन, डिफरन्शियल इक्वेशन ही तीन प्रकरणं पक्की करा. रविवारी दोन तास भौतिकशास्त्राला द्या.

पाचवं सेमिस्टर : ज्या विद्यापीठात जायचं आहे, त्याच्या डिग्रीच्या पहिल्या वर्षाचा अभ्यासक्रम काढून आणा. विद्यापीठाच्या संकेतस्थळावर तो फुकट मिळतो. आपण काय शिकलो आणि काय राहिलं, त्यावर पेन्सिलने खुणा करा. राहिलेल्याची यादी म्हणजेच तुमचं वगळलेलं वर्ष. त्यातलं पहिलं गणित याच सेमिस्टरला सुरू करा. आयआयटीच्या प्राध्यापकांची व्याख्यानं एनपीटीईएलवर फुकट आहेत. पोरांच्या हातात मोबाइल आहेच, त्याचा हाही एक उपयोग आहे म्हणावं!

सहावं सेमिस्टर : गुणवत्ता यादी गुणांवर लागते, म्हणून शेवटच्या वर्षात ढिलाई नको. प्रोजेक्ट दुसऱ्याकडून विकत आणू नका, स्वतः करा. डिप्लोमावाल्याचं बळ हातात आहे. बारावीवाल्याने लेथ पाहिलेला नसतो, तेव्हा तुम्ही त्यावर जॉब काढलेला असतो. डिग्रीच्या शेवटच्या वर्षात हेच बळ तुम्हाला पुढं नेईल. परीक्षा संपल्यापासून प्रवेश होईपर्यंतचे दोन महिने लग्नसराईत घालवू नका. त्यात दुसरं गणित संपवा.

शाखेचाही विचार करा. अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेच्या नियमाने आता डिप्लोमा कोणत्याही शाखेचा असला तरी डिग्रीला दुसरी शाखा घेता येते, आणि अशा मुलांसाठी गणित, भौतिकशास्त्र, ड्रॉइंग यांचे पूरक वर्ग विद्यापीठाने घ्यावेत, असंही त्यात म्हटलं आहे. प्रवेश झाल्यावर प्राचार्यांना भेटून विचारा, "आमचे पूरक वर्ग कधी सुरू होणार?" मागितल्याशिवाय मिळत नाही, हा आपला अनुभव आहे. तरीही शक्यतो शाखा बदलू नका. बदललीत तर गणिताच्या खड्ड्याबरोबर त्या शाखेच्या मूळ विषयांचाही खड्डा भरावा लागतो.

आता कागदांची गोष्ट. ताई-माई, हे तुम्ही नीट ऐका, कारण घरातली कागदाची पेटी तुमच्याच ताब्यात असते.

राज्यात अनुसूचित जातीसाठी १३ टक्के जागा राखीव आहेत. पण राखीव जागा नुसत्या जातीच्या दाखल्यावर मिळत नाही, जात पडताळणीचं प्रमाणपत्र लागतं. १० ऑगस्ट १९५० पूर्वी आपलं कुटुंब महाराष्ट्रात राहत होतं, याचा पुरावा लागतो. आजोबा-पणजोबांचा शाळेचा दाखला, जन्म-मृत्यूची नोंद, कोतवाल बुकाचा उतारा, महसुली कागद, जे असेल ते शोधा. आपल्या घरांत आणखी एक गुंता असतो. १९५६ च्या धम्मदीक्षेनंतर मुलांच्या दाखल्यांवर 'बौद्ध' किंवा 'नवबौद्ध' आलं, आजोबांच्या दाखल्यावर 'महार' आहे. दोन्ही कागदांचा धागा जोडून दाखवावा लागतो. १९९० साली अनुसूचित जातींच्या आदेशात दुरुस्ती होऊन बौद्धांना केंद्राच्या सवलतीही लागू झाल्या. हा हक्क मिळवायला किती मोर्चे निघाले, ते इथल्या वडीलधाऱ्यांना माहीत आहे. तो हक्क एका कागदासाठी घालवायचा का?

मी एक मुलगी पाहिली आहे. सरकारी कॉलेजात राखीव जागेवर नंबर लागला होता. पडताळणीचा अर्ज उशिरा गेला, आजोबांचा दाखला गावच्या जीर्ण रजिस्टरात सापडायला दिवस गेले. मुदत संपली, ती खुल्या वर्गात गेली, जागा हातची सुटली. तिच्या आईचा चेहरा अजून माझ्या डोळ्यांसमोर आहे. म्हणून जातीचा दाखला दहावीतच काढा, अधिवास प्रमाणपत्र काढा, आणि पडताळणीचा अर्ज मुदतीची वाट न बघता कॉलेजमार्फत करून ठेवा. नावात, आडनावात, एका वेलांटीचा फरक असला तरी आताच दुरुस्त करून घ्या.

आता पैशाचं बोलू. भारत सरकारची मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती १९४४ पासून चालत आली आहे. घरचं वार्षिक उत्पन्न अडीच लाखांच्या आत असेल तर ती मिळते. उत्पन्न त्यापेक्षा जास्त असेल तर राज्याची फ्रीशिप आहे, तिच्यात शिक्षण फी आणि परीक्षा फी माफ होते. दोन्हींचे अर्ज महाडीबीटीच्या संकेतस्थळावर भरायचे. बँक खातं आधारला जोडलेलं पाहिजे, उत्पन्नाचा दाखला वेळेत काढलेला पाहिजे. सरकारी वसतिगृहात नंबर लागला नाही तर २०१६-१७ साली सुरू झालेली डॉ. बाबासाहेब आंबेडकर स्वाधार योजना आहे, तिची चौकशी समाजकल्याण कार्यालयात करा. एक धोका मात्र सांगून ठेवतो : हे सगळं केंद्रीभूत प्रवेश प्रक्रियेतून आलेल्या मुलांना. कुणी मधला माणूस म्हणाला, "मॅनेजमेंट कोट्यातून सीट देतो, शिष्यवृत्तीचं मी बघतो," तर त्याला हात जोडून निरोप द्या. ती शिष्यवृत्ती मिळत नाही, आणि घर कर्जात जातं.

दुसरा धोका भिंतीवरच्या जाहिरातींचा. "नोकरी करता करता घरबसल्या इंजिनिअरिंगची डिग्री!" सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर २०१७ मध्ये पत्रव्यवहाराने दिलेल्या अशा इंजिनिअरिंगच्या शिक्षणाविरुद्ध निकाल दिला आहे. तंत्रशिक्षण परिषदेची मान्यता असल्याशिवाय एक रुपयाही भरू नका. नोकरी करणाऱ्यांसाठी २०२३ पासून परिषदेनेच सोयीच्या वेळेचे मान्यताप्राप्त वर्ग काढले आहेत, ती सरळ वाट आहे.

काही घरांत डिप्लोमानंतर लगेच कमवावंच लागतं. बाप आजारी असतो, बहिणीचं शिक्षण असतं. अशा मुलाला मी दोष देणार नाही. १९६१ च्या ॲप्रेंटिस कायद्याखाली वर्षभर उमेदवारी करा, विद्यावेतन मिळतं, अनुभव मिळतो. पण बाबासाहेबांनी लंडन सोडताना केलं तसं करा. परत येण्याची तारीख ठरवून जा, कागदपत्रं एका फायलीत ठेवा आणि रोजचा गणिताचा एक तास मोडू नका. पगार हातात आला की एक वर्षाची दहा वर्षं कधी होतात, कळत नाही. भगवंतांनी त्याच सिगालाला सांगितलं आहे, की मिळकतीचे चार भाग करावेत आणि एक भाग अडीअडचणीसाठी राखून ठेवावा. उमेदवारीच्या पैशातला तो चौथा भाग डिग्रीच्या नावाने बाजूला ठेवा.

डिग्रीचा एवढा आग्रह कशासाठी, तेही सांगतो. १८ जानेवारी १९८२ ला मुंबईच्या गिरण्यांचा संप सुरू झाला. जवळपास अडीच लाख कामगार बाहेर पडले, आणि त्यातले पुष्कळ परत आत गेलेच नाहीत. त्यातले काही पुढं आमच्या सूतगिरणीत आले. मशीनचा आवाज ऐकून कुठलं बेअरिंग गेलं ते सांगणारी माणसं ती! पण हातात कागद नाही, म्हणून बदली कामगार म्हणून पहिल्यापासून सुरुवात. त्याच मुंबईत १८८७ साली गिरण्यांना तंत्रज्ञ मिळावेत म्हणून व्हीजेटीआय उभी राहिली होती. गिरणीत घाम गाळणारा आमचा होता, तिथं शिकून वरच्या खुर्चीवर बसणारा बहुधा दुसरा होता. आज त्या संस्थेत डिप्लोमाही आहे, डिग्रीही आहे. महाडजवळ लोणेरे इथं १९८९ साली बाबासाहेबांच्या नावाचं तंत्रशास्त्र विद्यापीठ झालं. ज्या तालुक्यांत आमच्या माणसांना तळ्याचं पाणी घेऊ देत नव्हते, त्या मुलखात आज बाबासाहेबांच्या नावाने इंजिनिअर तयार होतात. तिथं आपल्या वस्तीची किती मुलं आहेत, एवढाच प्रश्न उरला आहे.

आणि मुलींबद्दल एक शब्द. "पोरीला डिप्लोमा झाला, आता बास, स्थळं बघू," हे मी दर वर्षी ऐकतो. डिप्लोमा अर्धी वाट आहे. मुलाला अर्ध्या वाटेवरून परत बोलावता का? मग मुलीला का बोलावता?

शेवटी विहार समितीला चार विनंत्या करतो.

एक, वस्तीतल्या नववी-दहावीच्या सर्व मुलामुलींची एक वही करा. कोणाचा जातीचा दाखला झाला, कोणाची पडताळणी बाकी, कोणाला कुठं जायचं, हे त्यात लिहा, आणि दर पौर्णिमेला वंदना झाली की ती वही उघडा.

दोन, आठवड्यातून तीन संध्याकाळी विहारात गणिताचा वर्ग सुरू करा. शिकवायला बाहेरून मास्तर आणायची गरज नाही. आपल्याच डिग्रीला गेलेल्या मुलामुलींनी डिप्लोमावाल्यांना शिकवायचं, डिप्लोमावाल्यांनी दहावीवाल्यांना. ज्याने इथं शिकून डिग्री घेतली, त्याने एक वर्ष इथं शिकवायचं, हे त्याचं दान.

तीन, पुस्तकांचं एक कपाट. अकरावी-बारावीची गणिताची पुस्तकं, पहिल्या वर्षाची पुस्तकं, ड्रॉइंगचं सामान. सेमिस्टर संपलं की परत आणून ठेवायचं.

चार, जयंतीच्या वर्गणीतला थोडा भाग प्रवेशाच्या दिवसांतल्या अर्ज-फीसाठी आणि प्रवासासाठी राखून ठेवा. शिष्यवृत्ती मागाहून येते, बसचं तिकीट आज लागतं. त्या पायी एकही मूल मागं राहता कामा नये.

मित्रांनो, धम्म आपल्याला शिकवतो की कारण असेल तर कार्य होतं. आपोआप, नशिबाने काही होत नाही. पोरगं नापास झालं तर नशीब फुटलं म्हणू नका. कुठली पायरी सुटली ते शोधा आणि ती बांधा. दहावीच्या निकालाच्या दिवशी पेढे जरूर वाटा. पण त्याच संध्याकाळी पोराला शेजारी बसवून पुढच्या सहा वर्षांचा कागद लिहा, आणि तो घरात बाबासाहेबांच्या तसबिरीखाली लावा.



नमो बुद्धाय! जयभीम!